वीज कुठून जाते, कुठे अडते

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुमच्या वर्गाचे मास्तर मला म्हणाले, "विजेवर काहीतरी बोला. पण सोपं बोला. आमच्या लोकांना नुकतंच वाचता येऊ लागलंय." मी म्हटले, वाचायला नवे असतील, पण विजेशी तर यांची रोजची गाठ आहे. रात्री-अपरात्री उठून मोटर चालू करायला हेच जातात. पंखा, इस्त्री, मिक्सर यांच्याच घरात आहे. तेव्हा मी काही अगदी नवे सांगणार नाही. तुम्ही रोज जे बघता, त्याचे कारण सांगणार आहे. मी तीस वर्षे वायरमनचे काम केले. आता घरी बसलो आहे. पुस्तकातले थोडे आणि हाताला कळलेले पुष्कळ, असे माझे ज्ञान आहे.

हे बघा. हा तारेचा तुकडा मी बरोबर आणला आहे. वर लाल प्लास्टिक, आत तांबे. तांब्यातून वीज धावते. प्लास्टिकवर हात ठेवला तर काही होत नाही. या प्लास्टिकची जाडी केवढी? खसखशीच्या एका दाण्याएवढी. पलीकडे मरण आणि अलीकडे आपला हात, मध्ये एवढेच कुंपण. हे कुंपण टिकते कसे, आणि कधी टिकत नाही, एवढ्यापुरतेच आज बोलू.

तुम्ही दारे धरणारी माणसे. म्हणून पाटापासून सुरुवात करतो.

समजा, दोन पाट आहेत. एक रुंद आहे, साफ आहे. दुसरा अरुंद आहे, त्यात हरळी माजली आहे, गाळ साचला आहे. दोन्ही पाटांना एकाच हौदातून पाणी सोडले. शेताच्या टोकाला जास्त पाणी कुठून येईल? साफ पाटातून. हे लहान पोरही सांगेल. पाणी तेच, हौदाची उंची तीच. फरक पडला तो वाटेतल्या अडथळ्याचा. विजेच्या वाटेतही असा अडथळा असतो. त्याला रोध म्हणतात. पाटीवर लिहा. रो-ध. दोनच अक्षरे आहेत.

हौदाची उंची म्हणजे विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. तीन फेजच्या मोटरला एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत ४०० व्होल्टच्या वरखाली असतो. आणि डीपीपर्यंत येणाऱ्या मोठ्या लाईनीत ११,००० व्होल्ट. पाटातून जसे पाणी वाहते तशी तारेतून जी वीज वाहते, तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. दाब, प्रवाह, रोध. या तीन शब्दांवर आज आपले काम भागेल.

पण पाटाचा दाखला एका ठिकाणी लंगडा पडतो. पाट फुटला तर पाणी शेतात पसरते आणि तिथेच मुरते. वीज तशी नाही. विजेला निघाल्या ठिकाणी परत जायचे असते. जुन्या माणसांनी रहाट पाहिला असेल. गाडग्यांची माळ विहिरीत उतरते, वर येते, पुन्हा उतरते. माळ एका जागी तुटली की सगळा रहाट थांबला. वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. बटण बंद करतो तेव्हा आपण ही माळ एका जागी तोडतो, दुसरे काही नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. परत जायला न्यूट्रलची तार आहेच, पण जमीनही आहे. कारण डीपीपाशी न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीला जोडलेली असते. तेव्हा जमिनीवर उघड्या पायांनी उभा राहणारा माणूस परतीच्या वाटेवरच उभा असतो.

मग वाट कोण देते आणि कोण अडवते?

सगळ्यांत चांगली वाट चांदी देते. तिच्या मागोमाग तांबे, मग सोने, मग ॲल्युमिनियम. लोखंड बरेच मागे राहते. ते तांब्याच्या सुमारे सहापट अडवते. चांदीच्या तारा ओढायला आपण काही राजे नाही. म्हणून घरात तांबे वापरतात, आणि खांबावर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा दीडपटीहून थोडे जास्त अडवते. पण वजनाला ते तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही भरत नाही. तार जरा जाड घेतली की झाले. खांबावर भार कमी आणि खर्चही कमी. अशा वाट देणाऱ्या वस्तूंना सुवाहक म्हणतात.

रबर, प्लास्टिक, काच, चिनी माती, अभ्रक, कोरडे लाकूड, कोरडी हवा, ही अडवणारी मंडळी. त्यांना दुर्वाहक म्हणतात.

असे का? सगळ्या वस्तूंमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे फार फार बारीक कण असतात. धातूमध्ये त्यांतले काही मोकळे असतात. मोकळी गुरे हाकली की चालू लागतात, तसे दाब आला की हे कण सरकू लागतात. काचेत, रबरात ते दाव्याला बांधलेले असतात. हाकले तरी जागा सोडत नाहीत. पण दावेसुद्धा फार ओढले तर तुटते, हे तुम्हांला सांगायला नको. कोरड्या हवेचे दावे एका सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट झाले की तुटते. आकाशातली वीज झाडावर पडते ती अशीच, हवेला फोडून. तेव्हा दुर्वाहक म्हणजे कधीच वाट न देणारा, असे समजू नका. किती दाबाला तो टिकतो, हे बघावे लागते.

सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद माणसाला पहिल्यांदा कसा कळला, त्याची गंमत आहे. इंग्लंडात स्टीफन ग्रे नावाचा एक माणूस होता. रंगाऱ्याच्या घरातला, धंदाही कपडे रंगवण्याचा. तेव्हा तारा नव्हत्या, डीपी नव्हते. काचेची नळी घासली की तिच्यात थोडी वीज येते आणि ती पिसे, कागदाचे कपटे ओढून घेते, एवढेच लोकांना ठाऊक होते. ही वीज लांबवर नेता येईल का, असे ग्रेच्या मनात आले. १७२९ साली त्याने एका मित्राच्या घरात लांबच लांब सुतळी बांधली. सुतळी हवेत टांगायला त्याने रेशमाचे दोरे वापरले. एका टोकाला नळी घासली, तर दुसऱ्या टोकाला पितळेच्या वर्खाचे तुकडे ओढले जाऊ लागले! सुतळी लांबवता लांबवता रेशमाचा दोरा तुटला. त्याने त्या जागी पितळेची बारीक तार लावली. तार मजबूत, आता तुटायची भीती नाही. पण वीज पुढे जाईना. कितीही घासा, दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

का, ते तुम्ही आता सांगू शकाल. पितळ सुवाहक आहे. वीज सुतळीवरून निघाली, वाटेत पितळ भेटले, तशी ती भिंतीत आणि जमिनीत निघून गेली. रेशमाने तिला अडवून धरले होते. रेशीम बारीक आहे म्हणून नव्हे, ते रेशीम आहे म्हणून. पुढच्या वर्षी ग्रेने एका पोराला दोऱ्यांनी आडवे टांगले आणि घासलेली नळी त्याच्या अंगाजवळ आणली. पोराच्या तोंडाकडे आणि हाताकडे वर्खाचे तुकडे उडू लागले. त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. माणसाच्या अंगातूनही वीज जाते.

आणि सुतळीचे काय? सुतळी काही धातू नाही. पण सुतळीत ओल असते. त्या घासलेल्या विजेला तेवढी ओल पुरली. ओलीचे हे प्रकरण आपल्याला अजून पुष्कळ छळणार आहे.

पुढे शंभर वर्षांनी, १८२७ साली, जर्मनीतल्या गेओर्ग ओहम नावाच्या शाळामास्तराने याचा हिशेब घातला. बाप कुलुपे बनवणारा. मुलगा शाळेत शिकवी आणि उरल्या वेळात तारांवर प्रयोग करी. त्याने दाखवले की, प्रवाहाला रोधाने गुणले की दाब निघतो. म्हणजे दाबाला रोधाने भागले की प्रवाह कळतो. रोध दुप्पट, तर प्रवाह निम्मा. सुरुवातीला त्याच्या देशात कोणी फारसे मनावर घेतले नाही. आज जगभर रोध त्याच्याच नावाने मोजतात. रोधाचे माप ओहम.

हा हिशेब तुमच्या कामाचा कसा, ते बघा.

तार लांब झाली की रोध वाढतो. दुप्पट लांब, दुप्पट रोध. तार जाड झाली की रोध कमी होतो. जाडीचे माप दुकानदार चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. समजा, विहीर घरापासून २०० मीटर लांब आहे. एका फेजची १ अश्वशक्तीची मोटर आहे, ती ८ अँपिअर प्रवाह घेते. तुम्ही पैसे वाचवायला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली. जायची २०० आणि यायची २०० मीटर मिळून ४०० मीटर झाली. तिचा रोध सुमारे ७ ओहम. आता ८ सत्ते ५६. छप्पन्न व्होल्ट तारेनेच खाल्ले! मोटरपर्यंत पोचले फक्त १७४. मोटर गुरगुरते, तापते, पाणी चढत नाही. आपण म्हणतो, कंपनीने मोटर खराब दिली. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली असती, तर रोध चौथा हिस्सा झाला असता आणि १४ व्होल्टच गेले असते.

मग ते ५६ व्होल्ट गेले कुठे? त्यांची उष्णता झाली. रोध जिथे प्रवाहाला अडवतो, तिथे तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. इस्त्रीत, बादलीतल्या हीटरमध्ये हेच आपण मुद्दाम करतो. तिथे नायक्रोम नावाच्या मिश्र धातूची तार असते. ती तांब्याच्या साठपटीहून जास्त अडवते. म्हणून ती लाल होते, आणि तिला जोडलेली वायर थंड राहते.

पण नको तिथे तापले म्हणजे? ढिला जोड हे त्याचे मूळ. दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायची, ही आपली सवय. आत तारा एकमेकींना जेमतेम शिवतात. तेवढ्या चिमुकल्या जागेतून सगळा प्रवाह जायचा. पाटाच्या मधेच दगड ठेवल्यासारखे झाले. जोड तापतो, तांबे काळे पडते, काळे पडले की रोध आणखी वाढतो, आणि आणखी तापते. गोठ्यात कडब्याजवळ असा जोड असेल, तर पुढचे मी सांगत नाही. स्टार्टरजवळ जळका वास आला, प्लग काढताना तो गरम लागला, की जोड ढिला आहे असे समजून मेन बंद करा आणि तो दुरुस्त करून घ्या.

फ्यूजही याच तत्त्वावर चालते. त्यात बारीक तार असते. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह आला की ती आधी वितळते आणि माळ तुटते. ती जळते म्हणून रागाने काही लोक तिथे जाड तार बांधतात. सायकलच्या चाकाची आरी बसवलेलीही मी डोळ्यांनी पाहिली आहे. भुंकणारे कुत्रे झोपमोड करते म्हणून मारून टाकावे, तसे ते झाले.

आता आपल्या अंगाचे बघू.

अंगाच्या आत रक्त आहे, पाणी आहे, मीठ आहे. आतून माणूस बरीच वाट देतो. अडवते ती कातडी. हात कोरडा, राठ, घट्टे पडलेला असेल, तर अंगाचा रोध एक लाख ओहमपर्यंतही असू शकतो. तोच हात पाण्याने किंवा घामाने भिजला की रोध एक हजार ओहमच्या आसपास येतो. शंभरपट कमी! माणूस तोच, तार तीच, दाब तोच २३० व्होल्ट.

मास्तरांच्या फळ्यावर भागाकार करू. २३० ला एक लाखाने भागले, तर सुमारे २ मिलिअँपिअर येतात. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. २ मिलिअँपिअरने मुंग्या येतात, माणूस हात झटकतो, दोन शिव्या देतो आणि कामाला लागतो. २३० ला एक हजाराने भागले, तर २३० मिलिअँपिअर. आता ऐका. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली तार सोडता येत नाही. लोक म्हणतात, विजेने ओढून धरले. वीज ओढत नाही, आपलीच मूठ आवळते. ३० च्या पुढे जिवाला धोका. १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर काळीज नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. आणि २३०? जुना काचेचा ६० वॅटचा दिवा आठवतो ना, पिवळ्या उजेडाचा? तो याहून जरासाच जास्त प्रवाह घेत असे. एक साधा दिवा पेटायला लागते तेवढी वीज माणूस मारायला पुरून उरते.

म्हणून "मला शॉक सोसतो", असे छाती पुढे काढून सांगणाऱ्याचे ऐकू नका. त्याला सोसला तेव्हा त्याचा हात कोरडा होता.

मागून एक मावशी विचारतात, "पाणी तापवायचा हीटर बादलीत असतो, तेव्हा पाण्यात बोट घातलं तर?" मावशी, घालू नका. हीटर चांगला असेल तर काही होणार नाही. पण आतली तार फुटून पाण्यात आली आहे की नाही, हे वरून दिसत नाही. आणि न्हाणीघरात आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभे असतो. आधी बटण बंद करा, पिन काढा, मग ताप बघा. आणखी एक. पत्र्याच्या छपराला किंवा मीटरच्या खांबाला बांधलेल्या उघड्या तारेवर ओले कपडे वाळत घालू नका. छपराला कुठे वायर घासली असेल, तर ती तार, तो ओला कपडा आणि तुमचा ओला हात, सगळी माळ जुळते. वाळवणाला नायलॉनची दोरी बांधा. चार पैशांचे काम आहे.

आता अर्थिंग. हे सांगताना मला जरा थांबावे लागते. ऐकून घ्या.

१९८१ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या मळ्यात ५ अश्वशक्तीची मोटर होती. मोटरच्या अंगापासून एक तार निघून जमिनीत गेली होती. शेळ्यांच्या वाड्याचे झाप बांधायला मला तार हवी होती. मी ती तार काढली. मोटर चालू करून बघितली, तर पहिल्यासारखीच चालली. मला वाटले, बघा, फुकटची तार होती. जमिनीत जाणाऱ्या तारेचा काय उपयोग?

उन्हाळा तसाच गेला. आषाढात चार दिवस झड लागली होती. मोटरच्या आतल्या तारांवर वार्निशचे पातळ आवरण असते. ते आवरण कुठेतरी गेले आणि फेज मोटरच्या अंगाला लागली. मोटर चालूच होती. बाहेरून काही कळत नव्हते. माझे चुलते चिखलात अनवाणी उभे राहून मोटरवर वाकले आणि त्यांनी तिच्यावर हात टेकला. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

ती तार जागेवर असती तर काय झाले असते? परत भागाकार करू. जमिनीत जाऊन परत डीपीपर्यंत, अशी सगळी वाट मिळून २ ओहमची आहे असे समजा. २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर. एवढा प्रवाह धावला की फ्यूज डोळ्याचे पाते लवायच्या आत जळते. मोटर बंद. चुलते म्हणाले असते, मोटर का थांबली रे? आणि घरी आले असते.

मी हे पुष्कळ वर्षे घरात कोणाला सांगितले नाही. वायरमन झाल्यावर चुलतीला सांगितले. ती म्हणाली, "तुला कुठं ठाऊक होतं, बाळा." ठाऊक नव्हते हे खरेच आहे.

पुढचेही ऐका, कारण तार असून उपयोग नाही असेही होते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात. मीठ आणि ओल मिळून माती वाट देते, कोळसा ओल धरून ठेवतो. चैत्र-वैशाखात तो खड्डा कोरडाठाक पडला, की वाटेचा रोध २ ओहमचा ५० ओहम होऊन बसतो. मग २३० भागिले ५०, म्हणजे ५ अँपिअरसुद्धा नाही. १५ अँपिअरची फ्यूज हलतसुद्धा नाही. मोटरच्या अंगावर वीज तशीच बसून राहते, हात लावणाऱ्याची वाट बघत. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. ज्याला जमेल त्याने मीटरजवळ गळतीचा स्विच बसवून घ्यावा. दुकानात आरसीसीबी म्हणून मागावा, ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला, की तो निमिषात बंद करतो. पण तो बसवला म्हणून अर्थिंग काढू नका.

पुढे बसलेले बाबा म्हणतात, "आवं, मग पाखरं तारंवर बसत्यात, ती कशी मरत न्हाईत?" चांगला प्रश्न आहे. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, दोन बोटांच्या अंतरावर. तेवढ्या तारेचा रोध जवळजवळ काहीच नाही. विजेला सरळ तारेतून जायला साफ पाट आहे, मग ती पाखराच्या अंगात कशाला शिरेल? मोठ्या पंखांचे पाखरू दोन तारांना किंवा तारेला आणि लोखंडी खांबाला एकदम शिवले, की तेही मरते.

याच्या उलट बैलाचे. वादळात तार तुटून शेतात पडते. माणूस दुरून वाचतो आणि बैल मरतो, असे तुम्ही ऐकले असेल. पडलेल्या तारेतून वीज जमिनीत चहूकडे पसरते. मातीलाही रोध आहे, म्हणून दाब तारेजवळ जास्त आणि लांब जावे तसा कमी. बैलाचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत चार-पाच फुटांचे अंतर. पुढच्या पायांखाली एक दाब, मागच्या पायांखाली दुसरा. वीज एकीकडून चढते, पोटाछातीतून जाते, दुसरीकडून उतरते. आपणही ढांगा टाकत पळालो तर तेच होईल. तुटलेली तार दिसली तर तीस-पस्तीस फूट लांब राहा. जवळ सापडलाच, तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत लांब व्हा. मग १९१२ वर फोन करा. गुरे सोडवायला धावू नका. मला माहीत आहे, हे ऐकायला कठीण जाते. बैल म्हणजे घरातलेच माणूस. तरीही धावू नका.

घरात कोणी विजेला चिकटले तर आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून, कोरड्या काठीने तार बाजूला करा. काठी ओली असेल तर ती काठी राहिली नाही, तार झाली. आणि ११,००० व्होल्टच्या लाईनीला कोरडी काठीही चालत नाही. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. दाबणे थांबवू नका.

रानडुकरांसाठी कुंपणाला घरची वीज सोडणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. तो गुन्हा आहे. रात्री दव पडते, गवत ओले असते, पाय उघडे असतात. डुकराआधी शेजाऱ्याचे पोर त्यात सापडते. बॅटरीवरचे झटका यंत्र निराळे. त्याचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, म्हणून तो जनावराला हुसकावतो पण मारत नाही. ते चांगल्या कंपनीचेच घ्या, घरी जुळवू नका.

आता शेवटचे, हा चिनी मातीचा कप. खांबावर तारेखाली असतो तो. याच्या कडा छत्रीसारख्या का केल्या आहेत, सांगा. बरोबर. वरून पाऊस पडला तरी कडेखालचा भाग कोरडा राहावा म्हणून. चिनी माती कितीही चांगली असली तरी वर ओली धूळ बसली की वीज तिच्यावरून वाट काढते. पहिल्या पावसात खांबावर चर्रचर्र आवाज येतो तो त्याचाच. हा कप हातोहात फिरवा, सगळ्यांनी बघा. पाडू नका, फुटेल.

आणि मास्तर, शाळेमागे अर्थिंगचा खड्डा आहे. येताना मी बघितला. वर गवत वाढले आहे आणि माती भेगाळली आहे. पाऊस यायला अजून महिना आहे. कोणीतरी दोन घागरी पाणी आणा. बॅटरी घ्या, अंधार आहे. पायांत चपला घाला, आणि तार कुठे तुटली आहे का, ते पाणी ओतायच्या आधी बघू. चला.